एकाच दिशेनं फिरणारं इंजिन

माणसं दोन इंजिनांची तुलना करायला बसली की आधी आवाज ऐकतात, मग धूर बघतात आणि शेवटी शेजाऱ्यानं कुठलं घेतलंय ते विचारतात. या तिन्ही गोष्टींना माझ्या लेखी कवडीची किंमत नाही. सोलापूरच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या पोरांना मी एकतीस वर्षं एकच गोष्ट सांगत आलो. दोन्ही इंजिनांवर सारखा भार टाका, कागदावर रकाने आखा आणि आकडे सोडून कुणाचं ऐकू नका. पोरं माना डोलवायची आणि बाहेर पडली की आवाजच ऐकायची. निवृत्त झाल्यावर माझं हे म्हणणं मनापासून पटलेला एकच माणूस मला भेटला, आणि तो आयुष्यात कधी आयटीआयची पायरी चढलेला नव्हता.

त्याचं नाव बिरुदेव. अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या मागच्या अंगाला त्याची पत्र्याची शेड आहे. मूळचा सांगोला तालुक्यातला, मेंढरामागं फिरणाऱ्या घरातला. बारा-तेरा वर्षांचा असताना शेजारच्या विहिरीवर डिझेल इंजिन बसलं आणि याचं मेंढरांवरचं लक्ष उडालं. दिवसभर इंजिनापाशी उकिडवा बसायचा. एकदा सात मेंढरं चुकली तेव्हा बापानं काठी घेतली, पण पोराची खोड काही मोडली नाही. विसाव्या वर्षी सोलापुरात आला आणि मिस्त्री झाला. विहिरीवरची, पिठाच्या गिरणीवरची, गुऱ्हाळावरची इंजिनं उघडायची, बसवायची, चालू करून द्यायची, हेच काम त्यानं चाळीस वर्षं केलं.

पुढं विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या. मग सौर पंप आले. गिरण्या तर केव्हाच विजेवर गेल्या होत्या. बिरुदेवच्या शेडमध्ये दुरुस्तीला येणारी इंजिनं कमी होत गेली आणि भंगाराच्या वाटेवरची तेवढी दारात थांबू लागली. मी त्याला ओळखायला लागलो तो याच काळात. मला घरात करमत नव्हतं आणि त्याला शेडमध्ये काम नव्हतं. त्यामुळे आमचं जमलं. "महेश्वर सर, या," असं म्हणून तो एक खोकं पुढं सरकवायचा आणि आम्ही उघड्या इंजिनाकडे बघत बसायचो.

सांगोल्याकडच्या माणसाला सांडलेलं पाणी बघवत नाही असं मी ऐकून होतो. बिरुदेवकडे ते रोज बघितलं. प्यायला पाणी मागितलं की तांब्याबरोबर एक रिकामं भगुणं यायचं. तांब्यात उरलेलं पाणी त्यात ओतायचं, आणि संध्याकाळी ते दारातल्या शेवग्याला. इंजिन थंड ठेवायलाही पाणी लागतं. बाकीचे मिस्त्री नळी गटारात सोडून मोकळे होतात. याच्याकडे दोनशे लिटरचा ड्रम होता. त्यातलं पाणी इंजिनातून फिरून परत ड्रमात यायचं, आणि महिनोन् महिने तेच पाणी चालायचं. विहिरीवर इंजिन बसवलं तरी गरम पाणी पाटात न सोडता नळीनं परत विहिरीत सोडून यायचा.

"हा काय कंजूषपणा आहे?" मी एकदा विचारलं.

"कंजूषपना न्हाय सर. ताज्या पान्यातला खार मशीनच्या पोटात बसतो. मुरलेल्या पान्यातला खार आधीच खाली बसलेला असतो. जुनं पानी मशीनला मानवतं."

हे शास्त्राला धरून होतं. मी स्वतः पोरांना ते वीस मिनिटं फळ्यावर लिहून सांगत असे.

उजनीचं काम त्याच्याकडे आलं ते वैजयंतीबाईंमुळे. करमाळा तालुक्यात धरणाच्या फुगवट्याच्या काठावर त्यांचं गाव. सासऱ्यांची जमीन पाण्याखाली गेली, तेव्हा त्यांनी पाण्यावरच धंदा सुरू केला. पलीकडचा इंदापूरचा काठ पाण्यातून पाच किलोमीटर, रस्त्यानं वळसा घालून साठाच्या वर. दूधवाले, कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेल्या बायका, सगळे लाँचनं जातात. नवरा लाँच चालवायचा आणि धंदा वैजयंतीबाई चालवायच्या. त्यांच्या जुन्या लाकडी लाँचमध्ये गिरणीवरचं एक म्हातारं इंजिन होतं. ते बंद पडलं तेव्हा कुणीतरी बिरुदेवचं नाव सांगितलं.

पहिल्या खेपेला बिरुदेवनं जे केलं ते त्या काठावर आजही सांगितलं जातं. तो टेम्पोतून इंजिनाचे सुटे भाग घेऊन गेला, आणि सोबत ड्रम. भरलेला. आमच्या सोलापूरला नळाचं पाणी उजनीतूनच येतं, तेही चार-पाच दिवसांतून एकदा. तेच पाणी यानं ड्रमात मुरवून, टेम्पोत चढवून, शंभरावर किलोमीटर परत उजनीच्या काठावर नेलं. समोर नजर पोचत नाही एवढं पाणी पसरलेलं, आणि हा माणूस लाँचमध्ये ड्रम बसवतोय. काठावरचे लोक पोट धरून हसले. "मामा, हितं पानी विकत मिळत न्हाय, फुकाट हाय," असं एकानं सांगूनही बघितलं. बिरुदेव म्हणाला, "आसंल की."

फजिती मात्र झाली. चाळीस मिनिटांत ड्रमातलं पाणी उकळायला लागलं, कारण विहिरीवरच्या भारापेक्षा लाँचचा भार जास्त. लोक पुन्हा हसले. तरी तळ्यातलं पाणी इंजिनात घ्यायला हा तयार नव्हताच. त्यानं लोखंडी नळी वाकवली आणि लाँचच्या तळाला बाहेरून, पाण्यात राहील अशी, पुढून मागे नेऊन आणली. ड्रमातलं पाणी इंजिनातून या नळीत जायचं, तळ्याच्या पाण्यात गार व्हायचं आणि परत ड्रमात यायचं. तळ्यातला एक थेंब न घेता यानं तळ्याकडून काम करून घेतलं. समुद्रावरच्या बोटींना अशी सोय असते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर तो खूश झाला नाही. "म्हंजी आधीच कुनीतरी केलंय व्हय," एवढंच म्हणाला.

तिथून त्याच्या डोक्यात लाँचचं इंजिन बसलं. दोन वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही. जुन्या पद्धतीचं दोन सिलिंडरचं, सावकाश फिरणारं इंजिन घेतलं. आतलं सगळं नवं बसवलं. शेजारच्या चनबसप्पाकडून लेथवर शाफ्ट करून घेतला, तोही तीनदा, कारण पहिले दोन याला पसंत पडले नाहीत. इंजिनाचा शाफ्ट सरळ लाँचच्या पाण्यातल्या पंख्याला जोडला. मधे गिअरबॉक्स नाही. मी विचारलं तर म्हणाला, "गिअरबॉक्स म्हंजी जास्तीचं वजन, जास्तीचं आईल आनि बिघडायला जास्तीची जागा." ते पटण्यासारखं होतं. त्या काठावरच्या साऱ्या लाँच तशाच चालत. काठ जवळ आला की डिझेल बंद करायचं, आणि उरलेलं अंतर बांबूनं.

फुलाबाई, त्याची बायको, या दोन वर्षांवर वैतागली होती. पण माझ्याशी बोलताना तिनं मनातली खरी काळजी सांगितली. "सर, ह्यांला घरी बसवलं तर वरीसभर जगायचे न्हाईत. त्या लाँचवाल्यांचं काम लागू द्या म्हंजी झालं." काठावर वैजयंतीबाईंसारखे आणखी पाच लाँचवाले होते आणि ते सगळे त्यांच्याकडे बघून चालत. बाईंनी बिरुदेवचं इंजिन घेतलं की पाचही जण घेणार, आणि मग इंजिनं बांधायची, बसवायची, त्यांची देखभाल करायची, हे काम त्याला हातपाय चालतात तोवर पुरलं असतं. घेतलं नाही तर शेड बंद करून सांगोल्याला मुलाकडे जायचं, हे नवराबायकोचं ठरलेलं होतं. बिरुदेवला तिकडं जायचं नव्हतं. तिथं इंजिन नव्हतं.

या वर्षी वैजयंतीबाईंनी दोन नव्या फायबरच्या लाँच घेतल्या, एकाच साच्यातून काढलेल्या. प्रवाशांच्या परवान्यासाठी नवी इंजिनं हवी होती. बिरुदेवचं तयार होतंच. पण पुण्याहून एका कंपनीचा माणूसही येऊन गेला होता. दिग्विजय त्याचं नाव, तिशीतला, मूळचा मोडनिंबचा. त्याचं इंजिन खास बोटीसाठीच बनवलेलं होतं. तीन सिलिंडर, दुप्पट वेगानं फिरणारं, वजनाला निम्मं, सोबत पुढं-मागं करणारा गिअरबॉक्स. पाणी तळ्यातूनच ओढायचं आणि बाहेर टाकायचं.

बाईंनी ठरवलं की एका लाँचमध्ये हे बसवा, दुसरीत ते, आणि एक दिवस दोन्ही चालवून बघू. आकडे लिहायला बिरुदेवनं मला बोलावलं. राहिला निवाड्याचा प्रश्न. तेव्हा बाई म्हणाल्या, "मामा सांगतील ती मशीन घ्यायची."

दिग्विजय हसला. "ताई, पण त्यातलं एक इंजिन मामांचंच आहे."

"म्हनूनच की," बाई म्हणाल्या. "आपल्या लेकराची खोड आईबापालाच ठावं असती."

दिग्विजयनं ते मान्य केलं. परीक्षार्थ्यालाच परीक्षक नेमायची ही पद्धत मला मात्र मुळीच आवडली नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी आठला आम्ही काठावर होतो. दोन्ही लाँचमध्ये वाळूची सारखी पोती भरली, तीस माणसांच्या वजनाएवढी. मी सात रकाने आखले होते. सुरू व्हायला लागणारा वेळ, सर्वांत जास्त वेग, ठरावीक वेगाला तासाचं डिझेल, पाण्याचं तापमान, धूर, कंप आणि आवाज, तेही आकड्यांत. वेग मोबाईलवर बघायचा, डिझेल मापाच्या भांड्यातून द्यायचं. कागद चांगला दिसत होता. मी स्वतःवर खूश होतो, हेही सांगून टाकतो.

दिग्विजयचं इंजिन बटण दाबताच सुरू झालं. बिरुदेवचं हँडल मारून, दुसऱ्या झटक्याला. वेगात दिग्विजयचं पुढं, साडेतेरा किलोमीटर. बिरुदेवचं साडेअकराच्या वर जाईना. पण दहाच्या वेगानं दोन्ही लाँच बरोबर चालवल्या तेव्हा बिरुदेवच्या इंजिनाला तासाला अडीच लिटर डिझेल लागलं आणि दिग्विजयच्या इंजिनाला तीन लिटर आणि वर थोडं. सावकाश फिरणारा मोठा पंखा पाणी चांगलं ढकलतो, त्यात नवल नाही. दिग्विजयनं भांडं स्वतः वाकून बघितलं आणि मान डोलावली. पोरगा प्रामाणिक होता.

तिसऱ्या फेरीत खरा फरक पडला. पाण्याच्या मध्यावर जलपर्णीचा पट्टा आडवा आला होता. दोन्ही लाँच त्यातून गेल्या. पाच मिनिटांत दिग्विजयच्या लाँचमधली तापमानाची घंटा वाजायला लागली. पाणी ओढायच्या जाळीवर जलपर्णीची मुळं आणि शेवाळ बसलं होतं, पाणी येईना, आणि पंपातलं रबरी चक्र कोरडं फिरून वितळलं होतं. त्यानं जाळी साफ केली, नवं चक्र बसवलं. चाळीस मिनिटं गेली. तोवर बिरुदेवची लाँच त्याच जलपर्णीतून चार वेळा जाऊन आली. ड्रमातल्या पाण्यात बोट घालता येत होतं, फार तर हाय म्हणावंसं वाटेल एवढंच गरम.

दिग्विजय घामेजल्या चेहऱ्यानं बिरुदेवच्या लाँचमध्ये आला आणि नळी कुठून कशी गेलीय ते वाकून वाकून बघत राहिला. "मामा, ही आयडिया कुणाची?"

"दुष्काळाची," बिरुदेव म्हणाला. मला त्या दिवसातलं त्याचं हसू तेवढंच आठवतं.

शेवटची फेरी परत काठाकडे यायची होती. बिरुदेवच्या लाँचमध्ये आम्ही चौघं होतो. सुकाणूवर वैजयंतीबाईंचा नवरा, इंजिनापाशी बिरुदेव, मधे कागद घेऊन मी आणि बाई. पूर्ण वेग होता. काठाच्या अलीकडे एका वळणावर मासेमारी करणाऱ्या नवराबायकोचं होडकं होतं. ते पुढं चाललेल्या दिग्विजयच्या लाँचच्या आड होतं, ती बाजूला झाली तेव्हा एकदम दिसलं. पुरुष जाळं ओढत होता. त्याची बायको एका हातानं होडक्याची कड धरून पाण्यावर वाकली होती. बिरुदेवनं तत्क्षणी डिझेल बंद केलं. पण त्या इंजिनाचं फिरतं चाक जड, लगेच न थांबणारं, आणि लाँच वाळूनं भरलेली. ती आपली पुढं जातच राहिली. सुकाणू पूर्ण फिरवलं गेलं आणि आम्ही होडक्याला हातभर अंतरावरून घासल्यासारखे पुढं गेलो. होडकं जोरात हललं.

"डोळं हैत का भोकं?" होडक्यातल्या बाईनं मागून जी सुरुवात केली ती आमच्या साऱ्या खानदानापर्यंत पोचली. वैजयंतीबाई खो खो हसल्या. "तिचं तोंडच तसलं हाय, रोजचंच हाय तिचं." सुकाणूवरचा माणूस हसला. मीही हसलो. कंपाच्या रकान्यात आकडा लिहायचा राहिला होता तो लिहून टाकला.

काठावर ताडपत्री बांधली होती. फुलाबाईनं सोलापुरातून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली होती, बाईंच्या घरून माशाचं कालवण आलं. बाकीचे पाच लाँचवालेही येऊन बसले होते. जेवण झाल्यावर मी चष्मा पुसून निकाल वाचला. सुरू होणं, वेग आणि कंप यांत कंपनीचं इंजिन सरस. डिझेल, तापमान, धूर आणि आवाज यांत बिरुदेवचं. चाराला तीन. शिवाय भर पाण्यात चाळीस मिनिटं बंद पडलेलं कुठलं, ते सगळ्यांनी बघितलंच होतं.

"मग काय, झालं की," वैजयंतीबाई म्हणाल्या. पाचांपैकी एक जण म्हणाला, "मामा, आमाला बी असंच पायजे. कदी देताय?" दिग्विजयनं पुढं होऊन बिरुदेवच्या हातात हात दिला. फुलाबाईनं तोंडाला पदर लावला, आणि तिचे डोळे भरलेले मला दिसले. मला फार बरं वाटलं. या माणसाची दोन वर्षं वाया गेली नाहीत, आणि ते माझ्या कागदानं सिद्ध झालं, याचा मला अभिमान वाटला.

बिरुदेव हात धुऊन आला आणि माझ्यासमोर बसला.

"सर, एक रकाना ऱ्हायला."

मला राग आला. एकतीस वर्षांत माझ्या कागदात रकाना राहिल्याचं कुणी दाखवलं नव्हतं. "कुठला?"

"थांबायचा."

कुणाला काही कळलं नाही. तो उठला. काठावरून मासेमारीचा लांब दोर घेतला, दर पाच मीटरला त्यावर थर्माकोलचे तुकडे बांधले आणि एका टोकाला दगड बांधून तो पाण्यावर सरळ पसरायला लावला. मग दिग्विजयला म्हणाला, "पुऱ्या येगात या. पयला तुकडा आला की थांबवा."

दिग्विजय आला. पहिल्या तुकड्याशी त्यानं दांडा मागे ओढला, पंखा उलटा फिरला, पाणी खळबळलं आणि लाँच तिसऱ्या तुकड्याच्या जरा पुढं थांबली. बारा मीटर. मी आठवा रकाना आखून लिहून घेतलं.

मग बिरुदेवनं आपली लाँच आणली. पहिल्या तुकड्याशी डिझेल बंद केलं. तुकडे एकामागून एक मागे पडत गेले. काठावरची माणसं मोठ्यानं मोजत होती. दोर संपला तरी लाँच चालत होती. सत्तर मीटरच्या वर कुठंतरी थांबली. त्यानं दुसऱ्यांदा आणली, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तरी आकडा कमी येईल अशी त्याला आशा असावी. आला नाही.

"ही मशीन घिऊ नका, ताई," काठावर उतरून तो वैजयंतीबाईंना म्हणाला. "ती घ्या. पान्याची नळी तेवढी मी आमच्या पद्दतीनं बसवून देतो, म्हंजी तिला बी जलपर्नीचं भ्या न्हाय."

"आवं मामा, काय बोलताय?" बाई चक्क चिडल्या. "पंचवीस वरसं आमी लांबनंच डिझेल बंद करतोय. कुटं बंद करायचं ते आमाला ठावं हाय."

"तुमाला ठावं हाय. काठ बी जाग्यावरच असतो. पर मानूस पान्यात पडला तर? त्याच्याकडं माघारी कसं जायाचं? फिरून येस्तवर तो ऱ्हाईल व्हय?"

दिग्विजयनं मध्ये तोंड घातलं. "मामा, तुमच्या इंजिनाला गिअरबॉक्स लावू या की. मी बघतो कंपनीत."

बिरुदेवची एवढी बाजू घ्यायची आणि स्वतःच्या धंद्यावर पाणी सोडायचं, हे त्या पोराला करायची काही गरज नव्हती. पण बिरुदेवनं मान हलवली. "बगितलंय मी मनात. ह्या दोन सिलिंडरच्या दणक्याला ह्यो बारीक गिअरबॉक्स टिकनार न्हाय. मोटा लावावा तर लाँचचं मागचं अंग पान्यात बसंल. समदं नव्यानं बांदायचं म्हंजी आनखी दोन सालं. आनि ताईंच्या लाँच तर उद्या चालाय पायजेत."

मग तो माझ्याकडे वळला. "चाळीस वरसं इंजान फिरवलं, सर. पर उलटं फिरवायचं कदी ध्यानातच आलं न्हाय. हिरीवर कोन उलटं फिरवतंय? पानी वर आलं की काम झालं."

त्याच्या ध्यानात आलं नव्हतं हे खरं, पण तो निदान मेंढरामागून आलेला होता. माझ्या तर फळ्यावर सारं लिहिलेलं असायचं. बोटीला ब्रेक नसतो हे मी पोरांना वाचून दाखवलेलं होतं. आणि सात रकाने आखताना, होडक्याजवळून जाताना, हसताना, एकदाही माझ्या डोक्यात ते आलं नाही. त्या दुपारी मला स्वतःची खरोखर लाज वाटली. आजही वाटते.

वैजयंतीबाईंनी कंपनीचं इंजिन घेतलं. त्यांच्यामागून पाचही लाँचवाल्यांनी तेच घेतलं. प्रत्येक लाँचला नळी बिरुदेवनं बसवून दिली. एका लाँचला एक दिवस लागतो, त्यामुळे ते काम आठवड्यात संपलं. दिग्विजयनं कंपनीत नोकरीचा शब्द टाकून बघितला, पण बासष्ट वर्षांच्या माणसाला पुण्यात कोण घेणार? दिवाळीच्या आत शेड रिकामी करायची असं आता ठरलं आहे. फुलाबाईनं भांडी बांधायला घेतली आहेत.

चाचणीच्या दिवशी परत येताना टेम्पोत मी, बिरुदेव आणि मागं फुलाबाई असे होतो. टेंभुर्णी मागं पडली. शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही. तो जिंकला होता, सगळ्यांनी मान्य केलं होतं, कागदावर माझी सही झालेली होती. गप्प बसला असता तर कुणाला कधी कळलंही नसतं. तसं मी त्याला सरळ म्हणालो. वाईट वाटत नाही का, असंही विचारलं.

"वाटतंय की. लई वाटतंय," बिरुदेव म्हणाला. तो समोरच्या रस्त्याकडे बघत होता. "डिझेल बंद केल्यावर माज्या हातात कायच नव्हतं, सर. मी नुसता बगत उबा. त्या बाईचा हात होडक्याच्या कडंला हुता, आनि लाँच चालली हुती तिच्याकडं. एवड्या जवळनं गेलो, तिच्या हिरव्या बांगड्या मोजल्या मी. सात हुत्या."